दोन रात्रींची पावती

लॉजच्या मॅनेजरने आधार कार्ड उलटंपालटं केलं.
जुळे सोलापूर?
म्हणजे इथून रिक्षाने वीस मिनिटं.
घरात रंगकाम काढलंय का, भावकीत भांडण झालंय का,
त्याने काही विचारलं नाही,
आमच्या पिकल्या केसांकडे बघितलं
आणि किल्ली सरकवली.
गरम पाणी सकाळी सात ते नऊ.

कल्पना माझी.
चौतीस वर्षं या माणसाशी संसार केला
आणि ज्या पेठेत हा जन्मला
ती पाहिलेली नुसती स्कूटरवरून, कडेकडेने.
"काय आहे तिथं? माग आणि गटारं,"
जनार्दन म्हणायचा
आणि गाडी सात रस्त्याकडे वळवायचा.

शनिवारी आम्ही परगावच्यांसारखे वागलो.
तिकीट काढून किल्ल्यात शिरलो,
बुरुजावरून तळं पाहिलं, तळ्यातलं देऊळ पाहिलं.
दुपारी कडक भाकरी त्याच्या दाताखाली अशी वाजली
की शेजारच्या टेबलावरचा माणूस वळला.
रस्त्यात त्याने तिघांना पत्ते विचारले,
तिन्ही पत्ते त्याला पाठ असलेले.
मी मधे बोलले नाही.

रात्री उठून त्याने पंखा बंद केला.
ऐक, म्हणाला.
काय ऐकू? डास?
मग आलं, लांबून,
खटक-खट, खटक-खट,
कुणीतरी रात्रपाळीला.
"टॉवेल," तो म्हणाला. "चादरीचा आवाज जाड असतो."
आणि कूस वळवून घोरायला लागला.
मी जागी, उकाड्यात.

रविवारी साखर पेठ.
विजेच्या तारांवर सुताचा भुगा साचलेला, करडा,
दारादारांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या.
एकीने मान वर केली. बोटं थांबवली नाहीत.
"एवरु कावाली?"
कोण पाहिजे.
"कोणी नाही, असंच," हा मराठीत.
तिने पुन्हा विचारलं, तिच्याच भाषेत.
तेव्हा कुठे त्याच्या तोंडून निघालं,
शाळेतल्या पोराच्या आवाजात,
"मा इल्लु."
आमचं घर.

माझी आई मैंदर्गीची.
तिच्या कानडीत इल्ल म्हणजे नाही.
साखर? इल्ल. पाऊस? इल्ल.
वसुलीवाला दारात आला की, मालक घरात इल्ल.
म्हणून त्याने घर म्हटलं
ते माझ्या कानात आधी नाही होऊनच पडलं,
मग सावकाश घर झालं.

आता तिथे दासरी राहतात.
त्यांची सून स्वरूपा, तिने थंड पाणी दिलं
आणि फ्रिजचं दार ढुंगणाने लोटलं. फ्रिज डुलला.
"मेला हलतोच हा. फरशी बदलली, पुठ्ठा घातला,
मिस्त्री दोनदा येऊन गेला.
या कोपऱ्यालाच काय झालंय, कोण जाणे."

जनार्दनने टाचेने फरशी ठोकली.
पोकळ.
मी त्याच्याकडे पाहिलं, तो फरशीकडे.
इथे खड्डा होता. खड्ड्यात पाय सोडून
त्याचा बाप मागावर बसायचा.
("कमरेखालचा बाप मला फक्त रात्री दिसायचा,"
हे तो मला नंतर सांगणार होता, रिक्षात,
कंडक्टरने स्टॉप सांगावा तसं.)
खड्डा बुजवला असेल, भराव खचत असेल,
भराव खचतोच.

तिला त्याने यातलं काही सांगितलं नाही.
गुडघे वाजवत खाली बसला,
शर्टाच्या खिशातून लॉजची पावती काढली,
चार घड्या घातल्या
आणि फ्रिजच्या पायाखाली सारली.
स्वरूपाने दार उघडलं, लावलं. परत उघडलं.
"राहिला की!"

ती पावती मला हवी होती, हिशोबाच्या वहीला.
तिच्यावर आमची नावं,
जुळे सोलापूरचा पत्ता, पिनकोडसकट,
आणि येण्याचं कारण या रकान्यात
मॅनेजरने आपल्याच मनाने लिहिलेलं,
देवदर्शन.